मुंबई-स्टुटगार्ट शाळा एक्स्चेंज: आधी पाहुणी घरी आणा, मग व्हिसाच्या मागे लागा

आमची लेक नववी संपवून मे महिन्यात तीन आठवडे जर्मनीतल्या स्टुटगार्टला राहून आली, आणि त्याच्या सहा महिने आधी तिकडची एक मुलगी आमच्याकडे दहा दिवस राहून गेली. तेव्हापासून नातेवाईक, सोसायटीतले, शाळेच्या ग्रुपवरचे अशा निदान पंधरा जणांनी विचारलंय की अगं हे कसं जमवलंत, खर्च किती, एजंट कोण. एजंट कोणीही नव्हता. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगून घसा बसला म्हणून आता सगळं एकदाच लिहून काढतेय, लांबलंय, पण वगळण्यासारखं काही सापडलं नाही.

थोडी पार्श्वभूमी. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून जुळी शहरं आहेत, आपण सिस्टर सिटी म्हणतो, जर्मन लोक पार्टनर शहर म्हणतात. स्टुटगार्टची अशी दहा शहरं आहेत आणि त्यातलं पहिलं इंग्लंडमधलं सेंट हेलेन्स, तेही १९४८ साली, म्हणजे युद्ध संपून जेमतेम तीन वर्षं झालेली आणि कालपर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकणाऱ्या देशांतली ही दोन गावं! १९६२ मध्ये फ्रान्समधलं स्ट्रासबुर्ग आलं, मग आपण. मूळ कल्पनाच अशी की करार महापौर करतील पण राहायला माणसांनी एकमेकांच्या घरी जायचं. मुंबईची इतरही आहेत, योकोहामा १९६५ पासून, लॉस एंजेलिस १९७२ पासून. पुण्याचं सॅन होजे १९९२ पासून. तुमचं शहर वेगळं असलं तरी खालच्यातलं बरंचसं चालेल, फक्त व्हिसाचे नियम बदलतील.

पहिलं काम: करार नको, चालू असलेलं नातं शोधा

जुळं शहर कागदावर आहे म्हणजे तिकडे मुलं जातायत असं अजिबात नाही. कितीतरी करार सही झाल्यावर फोटोपुरतेच उरतात. त्यामुळे महापालिकेत जाऊन 'एक्स्चेंजचा फॉर्म द्या' म्हणून उभं राहू नका, तिथे असा फॉर्म नसतो. एक्स्चेंज चालतं ते शाळा-शाळांमध्ये, आणि त्यातही दोन शिक्षकांमध्ये. इकडे जर्मन शिकवणाऱ्या बाई आणि तिकडे कोणीतरी उत्साही मास्तर, दोघांचं सूत जुळलं की झालं, आणि त्यातला एक रिटायर झाला की बंदही पडलं.

म्हणून आधी शाळेत विचारा, जर्मन विषय असेल तर त्या शिक्षकांना गाठा. शाळेचं कुठेच काही नसेल तर काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीचं केंद्र आहे, पुण्यातही आहे, तिथे शाळांशी संबंधित काम पाहणारी माणसं असतात. जर्मन सरकारचा 'पाश' नावाचा उपक्रम २००८ पासून चालू आहे, त्यात जगभरातल्या जर्मन शिकवणाऱ्या शाळा जोडलेल्या आहेत, तुमची शाळा त्यात असेल तर निम्मं काम झालंच. स्टुटगार्टच्या महापालिकेत बाहेरच्या देशांशी संबंध पाहणारा विभाग आहे, त्यांना शाळेच्या लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीने ईमेल जाऊ दे. पालकाने पर्सनल ईमेलवरून लिहिलं तर उत्तर गोड येतं पण पुढे काही होत नाही.

पैशाची मदत हवी असेल तर तिकडच्या शाळेला 'एन्सा' या योजनेबद्दल विचारा. जर्मन शाळांनी आशिया-आफ्रिकेतल्या शाळांशी केलेल्या देवाणघेवाणीला त्यातून मदत मिळते, पण अर्ज जर्मन बाजूनेच करायचा असतो. तेव्हा आपण काय करायचं? आपली कागदपत्रं वेळेत द्यायची आणि हळूच आठवण करत राहायची.

इथेच एक सावधगिरी. परदेशातून पैसे थेट आपल्या शाळेच्या किंवा ट्रस्टच्या खात्यात येणार असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती नसेल तर पैसे मागवूच नका. आणि सोबत जाणारे शिक्षक सरकारी नोकरीत किंवा सरकारी मालकीच्या संस्थेत असतील आणि राहण्याखाण्याचा खर्च तिकडचे लोक करणार असतील, तर ती कायद्याने 'परदेशी आतिथ्य' ठरते आणि केंद्र सरकारची आधी परवानगी लागते. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांनी तर हे आधी ऑफिसात विचारून घ्यावंच. ऐन वेळी कळलं की शिक्षक घरी आणि मुलं विमानात, असं नको.

तारखा

हे सोपं वाटतं पण सगळ्यात जास्त डोकं इथेच लागतं. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गची उन्हाळी सुट्टी जुलैच्या शेवटी सुरू होऊन सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास संपते. म्हणजे आपल्या मुलांना मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा तिकडची शाळा जोरात चालू असते, आणि हेच आपल्याला हवं, कारण बेंचवर बसून तिकडचा तास ऐकला नाही तर मग ती नुसती टूर झाली. फक्त मे-जूनमध्ये त्यांची फिंग्स्टन या ख्रिस्ती सणाची सुट्टी येते, साधारण दोन आठवडे, आणि ती ईस्टरवर अवलंबून असल्यामुळे दरवर्षी हलते. त्या वर्षीचं कॅलेंडर बघूनच तिकीट काढा.

त्यांनी इकडे यायचं तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागून असलेली शरद ऋतूची सुट्टी बरी पडते. आमच्या वेळी नेमकी दिवाळी तेव्हाच आली, हे नशीब, प्लॅनिंग नाही. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला त्या मुलीला उठवून उटणं लावलं, कारीट पायाखाली फोडायला लावलं, आणि ती बिचारी डोळे चोळत 'काकू, व्हाय' असं विचारत होती. मला तरी कुठे नीट सांगता आलं.

आधी पाहुणी, मग आपलं मूल

शक्य असेल तर आपण आधी यजमान व्हा, अगदी आग्रहाने सांगतेय. कारण सगळ्यांचं लक्ष आपलं मूल जर्मनीला जाण्यावर असतं आणि पाहुणं मूल ठेवणं म्हणजे त्याची किंमत चुकवणं असं धरतात. उलटं आहे ते. दहा दिवस एक परकं मूल घरात राहिलं की आपल्या मुलाला कळतं की पाहुण्याला कुठे अडतं, कशाची लाज वाटते, आणि मग ते तिकडे गेल्यावर तेच प्रश्न स्वतः विचारतं. शिवाय दोन्हीकडच्या आयांची ओळख होते, आणि पुढे रात्री अकराला ताप आल्याचा फोन येतो तेव्हा ती ओळख कामाला येते.

जोडी लावायला दोन्ही शाळा एक फॉर्म भरून घेतात. तो मुलाला एकट्याला भरू देऊ नका. आमच्या लेकीने 'प्राणी आवडतात का' यावर दणकून हो लिहिलं, धुळीची ॲलर्जी आहे हे लिहिलंच नाही, आणि तिकडे दोन मांजरी रोज हिच्या गादीवर. शेवटी गोळ्या घेऊन तीन आठवडे काढले. खाण्याचंही नीट लिहा. नुसतं 'व्हेज' लिहिलं तर मासे चालतील असं समजणारे भेटतात. अंडं चालतं का, केकमधलं चालतं का, चिकन चालतं पण बीफ-पोर्क नाही, असं एकेक सुटं लिहा. जैन घरातल्यांनी तर कांदा-बटाट्यासकट.

घराची तयारी म्हणाल तर वेगळी खोली नसली तरी चालतं, आमच्याकडे वन बीएचकेच आहे, मुली हॉलमध्ये झोपल्या आणि आम्ही दहा दिवस बेडरूममध्ये लवकर हाकललो गेलो. फक्त हे आधी फोटो पाठवून सांगा. बाथरूमचाही फोटो पाठवा, बादली-मग कसा वापरायचा आणि जेट स्प्रे कशासाठी असतो हे लाज न बाळगता पहिल्याच दिवशी सांगा, लाजलात तर पोर तीन दिवस कुढत बसेल. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद, ब्रश करतानासुद्धा पहिले काही दिवस. ओडोमॉस. वरण-भात-तूप, थालीपीठ, घावन, शिरा हे सगळं चाललं, पाणीपुरी घरच्या पाण्याने केली तरच. आणि ताटात वाढत राहू नका! आपल्याकडे 'अजून एक घे' हा प्रेमाचा भाग, त्यांच्याकडे नाही म्हटलं म्हणजे नाही, आणि ताटात टाकायची लाज वाटते म्हणून ती मुलगी दोन दिवस पोट फुटेस्तोवर जेवली, हे मला तिच्या आईकडून नंतर कळलं.

कागदाचं काम दोनच, पण चुकवू नका. एक, त्यांच्या ई-व्हिसाच्या फॉर्ममध्ये भारतातल्या कोणाचं तरी नाव, पत्ता, फोन भरावा लागतो, तो तुमचा की शाळेचा हे आधी ठरवा, आणि प्रवासाचं कारण सगळ्या मुलांनी एकच लिहायला हवं. दोन, पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. परदेशी पाहुणा घरी राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, हॉटेललाच नाही, घरालाही लागू आहे. पोर्टलवर खातं आधीच उघडून ठेवा, म्हणजे पाहुणी घरी आल्यावर पासपोर्ट-व्हिसाची माहिती आणि फोटो टाकला की काम झालं.

फिरवण्याबद्दल एकच सांगते, गेटवे आणि एलिफंटा शाळा दाखवतेच. तुम्ही भाजीबाजारात न्या, लोकलच्या लेडीज डब्यात दुपारच्या वेळी न्या. आमच्या पाहुणीला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर डब्यात कानातले विकणारी बाई.

आता व्हिसा

तीन महिन्यांच्या आतलं राहणं असेल तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा, शॉर्ट स्टे व्हिसा, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर आणलंत तर तुमची झोप उडेल, कारण मे महिन्यात निम्मी मुंबई युरोपला निघालेली असते आणि अपॉइंटमेंटच मिळत नाही. फेब्रुवारीत सुरुवात करा.

पासपोर्ट मागच्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. लहान मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांतच संपतात हे आपण विसरतो. १२ वर्षांपुढच्या मुलांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

फीबद्दल बऱ्याच पालकांना माहीत नसतं. मोठ्यांना ९० युरो आहे, पण शिक्षणासाठी जाणारे शाळेचे विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेनच्या नियमात व्हिसा फी माफ आहे, व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज तेवढा पडतो. मात्र शाळेच्या पत्रात स्पष्ट असायला हवं की हा शैक्षणिक एक्स्चेंज आहे, अमुक शाळेत तास करणार आहेत, अमुक तारखा. 'व्हिजिट' असं मोघम लिहिलंत तर टुरिस्ट समजतील.

कागद: तिकडच्या शाळेचं निमंत्रण, आपल्या शाळेचं बोनाफाईड आणि परवानगीचं पत्र, यजमान कुटुंबाचं पत्र, दोन्ही पालकांचं संमतीपत्र, जन्मदाखला, पालकांचे पासपोर्ट, इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, आणि किमान ३०,००० युरोचं कव्हर असलेला प्रवास विमा. विम्यात पर्सनल लायबिलिटी आहे का ते बघून घ्या. जर्मनीत बहुतेक घरांचा असा विमा असतो, दुसऱ्याची वस्तू फुटली तर भरपाईसाठी, आणि आपल्या मुलाने त्यांचा टीव्ही पाडला तर ते सहज विचारतील की तुमचा विमा कुठला, त्यात भांडण नसतं, पद्धतच ती.

आता खास आपला मराठी घोळ: नावं. मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं सासरचं नाव, माझ्या पासपोर्टवर माहेरचं, आधारवर तिसरंच काहीतरी कारण तिथे मधलं नाव आडनावाच्या जागी जाऊन बसलेलं. ज्यांचं लग्नात पहिलं नावही बदललंय त्यांची तर दुप्पट पंचाईत. मी हे शेवटच्या आठवड्यापर्यंत पाहिलंच नाही, मग लग्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नोटरी अशी धावपळ केली. तुम्ही आजच सगळे कागद टेबलावर मांडा आणि आईच्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे का बघा. जुना हाताने लिहिलेला मराठी जन्मदाखला असेल तर वॉर्ड ऑफिसमधून नवीन कॉम्प्युटरवरचा काढून घ्या, त्यावर इंग्रजीही असतं. आणि आई-वडील वेगळे राहत असतील तर संमतीपत्राचं काम सगळ्यात आधी हातात घ्या.

तिकीट आणि बॅग

मुंबईहून स्टुटगार्टला थेट विमान नाही. फ्रँकफर्टला उतरून तिथल्याच एअरपोर्टच्या स्टेशनवरून आयसीई ही वेगवान ट्रेन पकडली की सव्वा तासाच्या आसपास स्टुटगार्ट. पण मध्ये वेळ भरपूर ठेवा. आता शेंगेनमध्ये शिरताना ठसे-फोटोची नवीन नोंद ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झालीय, त्यात वीस मुलांचा ग्रुप आणि त्यातल्या एकाची बॅग पट्ट्यावर येतच नाही, निदान तीन तास धरा.

बॅगेत काय नको हे जास्त महत्त्वाचं. मे महिना म्हणजे प्रत्येक आजी हापूसची पेटी घेऊन उभी राहते. नाही! बाहेरच्या देशातून युरोपात ताजी फळं न्यायला रोग-कीड नसल्याचं सर्टिफिकेट लागतं, त्यातून सुटलेली फळं मोजकीच, केळं, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन. आंबा त्यात नाही. दुधाचे पदार्थ आणि मांसही चालत नाही, म्हणजे पेढे, बर्फी, खरवस सगळं बाद. चिक्की न्या, पोहे न्या, मसाल्याची पुडी न्या. भेट म्हणून आम्ही वारली चित्राची एक ट्रे आणि यजमान मुलीच्या आईला सुती ओढणी दिली, बस्स.

चार्जरला दोन गोल पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये बसतो, तीन पिनांचा बसत नाही. औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. आणि मे असला तरी एक स्वेटर, एक रेनकोट.

तिकडे राहताना

मुलांना चार गोष्टी आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिला आठवडा गोंधळात जातो. शाळा पावणेआठ-आठलाच सुरू होते. रात्रीचं जेवण बऱ्याच घरी थंड असतं, ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो, झालं, त्याला उपास घडला असं समजू नये, त्यांचं गरम जेवण दुपारी झालेलं असतं. स्टुटगार्टकडे केझश्पेट्झले म्हणून जाड शेवयांसारखा चीज घातलेला प्रकार मिळतो तो शाकाहारी मुलांचा आधार, माउलटाशन दिसायला करंजीसारखं पण आत बहुधा मांस असतं. नळाचं पाणी सरळ प्यायचं. रविवारी दुकानं बंद, आणि शांतता म्हणजे शांतता, खुर्ची सरकवली तरी खालचे वर बघतात. बाटल्या कचऱ्यात टाकू नका, बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशिनमध्ये टाकून परत मिळतं, आमच्या मुलीने याच्यावर आइस्क्रीम खाल्लं.

तिथली खास गंमत म्हणजे केअरवोखं. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराने आळीपाळीने एकेक आठवडा जिना झाडायचा-पुसायचा, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आमच्या मुलीच्या मुक्कामात नेमकी त्या घराची पाळी आली आणि तिने जिना पुसला, फोटोसकट पुरावा आहे. घरी मात्र अजून ताट उचललेलं नाही. आमच्या सोसायटीत हा नियम मांडला तर एजीएममध्ये खुर्च्या उडतील.

आता जरा अवघड विषय. जर्मनीत १६ वर्षांपासून बिअर आणि वाईन कायद्याने घेता येते. यजमान घरात १७ वर्षांचा भाऊ असेल, पार्टी असेल, तर ते त्यांच्या दृष्टीने नॉर्मल आहे. तुमचं म्हणणं काय ते आधीच, शाळेमार्फत, लिहून द्या: दारू नाही, रात्री किती वाजेपर्यंत बाहेर, एकटीने ट्रेनने जायला परवानगी आहे का. तिकडचे पालक हे मनावर घेतात, उलट न सांगितल्याचंच त्यांना टेन्शन येतं. मे महिन्यात तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा 'अंधार पडायच्या आत घरी' हा आपला नियम तिथे कुचकामी, घड्याळाची वेळ सांगा.

पैशाचा साधा नियम आम्ही असा ठेवला की विमान, व्हिसा, विमा, वरखर्च ज्याचा त्याने, आणि राहणं, जेवण, घर ते शाळा प्रवास यजमानाने, दोन्हीकडे सारखं. वरखर्चाला दिवसाला दहा युरो दिले, त्यातलेही उरले. बस-ट्रेनचा देशभर चालणारा महिन्याचा पास काढणार असाल तर तो सबस्क्रिप्शनवर असतो, वेळेत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे कापले जातात, त्यामुळे काढतानाच रद्द कसा करायचा ते यजमानांना विचारून घ्या.

फोन रोज करू नका. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, आपल्याला रात्री दहाला आठवण येते तेव्हा ती पोरं बागेत खेळत असतात आणि आईचा फोन आला की तोंड पडतं. आम्ही रविवार आणि बुधवार ठरवले होते. इमर्जन्सीला ११२, हे मुलाला पाठ हवं, आणि यजमानांचा पत्ता कागदावर लिहून खिशात, कारण फोनची बॅटरी संपतेच.

जुळलं नाही तर? होतं असं. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचं आणि त्याच्या पार्टनरचं तिसऱ्या दिवसापासून बोलणंच बंद. तेव्हा पालकांनी थेट त्या घरी फोन लावून जाब विचारायचा नाही, सोबतच्या शिक्षकांना सांगायचं. त्यांनी तिकडच्या शिक्षकांशी बोलून दुसऱ्या एका घरी त्याला हलवलं आणि कोणी वाईटही वाटून घेतलं नाही. म्हणूनच निघण्याआधी शाळेला विचारा की जास्तीचं एक घर तयार ठेवलंय का. ठेवलं नसेल तर ठेवायला लावा.

परत आल्यावर व्हिसाच्या पानाची आणि सगळ्या पत्रांची झेरॉक्स फाइलला लावा, पुढच्या अर्जाला लागतात, आणि ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. आमची फाइल सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आहे, त्यांचा मुलगा पुढच्या मेमध्ये जाणार. त्याच्या आजीने कालच विचारलं की दोन-चारच आंबे नेले तर कोण बघतंय.